जगन्नाथरावांची तीन कारणं

दर पंधरा ऑगस्टच्या मागच्यापुढच्या शनिवारी अमेरिकेत पिस्कॅटवे-एडिसनकडची मराठी मंडळी एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं घ्यायची, झेंडा लावायची, घराघरातून बटाटेवडे तळून आणायची आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून जगन्नाथरावांना शाल-नारळ द्यायची. नारळ ओक ट्री रोडवरच्या दुकानातला, शाल मात्र दर वर्षी नवी. जगन्नाथराव उठायचे, हात जोडायचे, "मी काही विशेष केलेलं नाही" एवढंच म्हणायचे आणि बसायचे. लोक म्हणायचे, बघा, याला म्हणतात जुनी माणसं! टाळ्या थांबता थांबायच्या नाहीत. यातली गंमत अशी, की म्हातारा अक्षरशः खरं बोलत होता.

वय ऐंशी. बायको शरयूबाई गेल्यावर मुलानं, सौमित्रनं, त्यांना साताऱ्याचं घर बंद करायला लावून इकडे आणलं होतं. सौमित्र सॉफ्टवेअरमधला, अमेरिकेत येऊन बारा वर्षं झालेला, सिटिझन झालेला. सून चैत्राली फार्मसीत नोकरीला. दोघंही सकाळी गाड्या काढून जायची ती दिवेलागणीला उगवायची, त्यामुळे घरात म्हाताऱ्याचं खरं माणूस एकच, नात नेत्रा. दहा वर्षांची, पाचवीतली. साडेतीनला पिवळी बस कोपऱ्यावर थांबायची तेव्हा जगन्नाथराव कानटोपी घालून दहा मिनिटं आधीपासून तिथं उभे असायचे. ती इंग्रजीत बोलायची, हे मराठीत बोलायचे. तिला त्यांचं सगळं कळायचं, त्यांना तिचं बरंचसं. घरोघरी हाच प्रकार असल्यानं कुणाला त्यात नवल वाटत नसे.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये नेत्राच्या वर्गात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवायला घेतलं. मिसेस डोनली नावाच्या उत्साही बाई होत्या. त्यांनी मुलांना अभ्यास दिला: तुम्ही जुन्या तेरा वसाहतींमध्ये राहता असं समजा, इंग्रजांचं राज्य नको असं तुम्हाला का वाटतं, त्याची तीन कारणं लिहा. बाकीची मुलं चहावरचा कर वगैरे लिहायला लागली. नेत्रानं हात वर केला आणि सांगितलं, की माझे आजोबा खरोखरच इंग्रजांशी लढले आहेत, ते आमच्या घरीच राहतात.

बाईंना आनंद मावेना. कल्पनेतला वसाहतवाला कशाला, इथं हाडामांसाचा माणूस आपल्याच गावात राहतोय! त्यांनी चिठ्ठी पाठवली. पुढच्या गुरुवारी आजोबांनी वर्गात यावं, मुलांशी बोलावं. आणि नेत्रानं निबंधाऐवजी पोस्टर करावं, आजोबांच्या तीन कारणांचं.

"आजोबा," त्याच दुपारी नेत्रा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली, "व्हाय डिड यू वॉन्ट इंडिपेन्डन्स? गिव्ह मी थ्री रीझन्स."

जगन्नाथराव तिच्यासाठी पोळीला तूप-साखर लावत होते. "तेव्हा सगळ्यांनाच हवं होतं," ते म्हणाले.

"दॅट्स नॉट अ रीझन."

"इंग्रज परके होते."

"ओके. वन." तिनं लिहिलं. "टू?"

दुसरं काही सुचेना. वर्षानुवर्षं सत्कार झाले, पण कारणं कुणी विचारली नव्हती. ती माहीत असल्यासारखीच सगळी मंडळी वागत. या पोरीनं मात्र पेन्सिल टोकावर धरून थेट मुळालाच हात घातला. तिनं दोन मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाली, "इट्स ओके, यू कॅन थिंक." मग तिनं पोळीचा रोल उचलला आणि टीव्हीपुढे गेली.

जगन्नाथराव तिथंच बसून राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्रेसष्ट वर्षं खवखवत होतं.

बेचाळीस साली ते सतरा वर्षांचे होते. तालुक्याच्या कचेरीत उमेदवारी करत होते. उमेदवारी म्हणजे बिनपगारी नकला उतरवायच्या, साहेबांच्या पुढेमागे करायचं आणि कधीतरी कायम होऊ या आशेवर जगायचं. अक्षर मोत्यासारखं होतं. घरी आई आणि दोन बहिणी. शेजारच्या घरात कृष्णा राहायचा. एका पाटीवर दोघं धुळाक्षरं शिकले, एका विहिरीत पोहायला शिकले. कृष्णा त्या ऑगस्टात तारा तोडणाऱ्यांत सामील झाला आणि गावातून नाहीसा झाला. कुठं असतो ते चारच माणसांना ठाऊक होतं. त्यांतला एक जगन्नाथ, कारण कृष्णाच्या आईनं मोठ्या विश्वासानं त्याच्या कानात सांगितलं होतं.

डिसेंबरात फौजदार कचेरीत आला. त्यानं जगन्नाथला आत बोलावलं आणि समोरची खुर्ची दाखवली. सात महिन्यांत त्या कचेरीत त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. कपबशीतून चहा आला. फौजदारानं अक्षराचं कौतुक केलं, आईची चौकशी केली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या आळीतला तो कृष्णा हल्ली कुठं असतो रे?"

"देसायांच्या मळ्यात," जगन्नाथ म्हणाला. "गुऱ्हाळाच्या खोपटात झोपतो."

बस्स. कुणी चापट मारली नाही, धमकी दिली नाही, पट्टा दाखवला नाही. मारलं असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. एका खुर्चीसाठी माणूस विकला, आणि वर चहा पिऊन कपबशी स्वतः विसळून ठेवली. कृष्णाला पहाटे धरला. त्याच्या पायांच्या तळव्यांवर इतकं मारलं, की डावं पाऊल पुन्हा कधी जमिनीवर सरळ टेकलं नाही. दोन वर्षं तुरुंगात काढली. जगन्नाथ संक्रांतीला कायम झाला. पाच वर्षांनी कचेरीवरचा झेंडा बदलला, तेव्हा जगन्नाथ त्याच टेबलाशी बसलेला होता. पुढे अव्वल कारकून होऊन निवृत्त झाला. लोकांना वाटतं पापाला शिक्षा होते. पुष्कळदा बढती होते.

इथवर असतं तरी एक वेळ झाकली मूठ राहिली असती. पण शहाऐंशी साली सौमित्रचे बारावीचे मार्क कमी पडले. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांना इंजिनिअरिंगला वेगळ्या जागा असत. जगन्नाथरावांनी आयुष्यभर कचेरीत हेच कागद हाताळलेले. कुठला कागद कुठं लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुरुंगाचा दाखला नसला तरी भूमिगत म्हणून नाव लावता येत होतं. मात्र प्रत्यक्ष तुरुंग भोगलेल्या दोन सैनिकांनी तसं लिहून द्यायला हवं. एक म्हातारा सापडला, तो कुणालाही लिहून द्यायचा. दुसरा तालुक्यात एकच उरला होता.

कृष्णा ओट्यावर बसला होता. वाकडा पाय लांब करून. जगन्नाथरावांनी कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की सदर इसम गुऱ्हाळात लपलेल्या भूमिगतांना भाकरी पोचवत असे. कृष्णानं चष्मा लावला आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"भाकरी तू आणायचास होय रे?" त्यानं विचारलं.

जगन्नाथरावांनी टोपण काढून पेन पुढे केलं.

"पोरगा हुशार आहे का?"

"आहे."

कृष्णानं सही केली आणि कागद परत दिला. त्याला कुणी धरून दिलं हे ठाऊक होतं का? असणारच. की नसेल? जगन्नाथरावांनी विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सात वर्षांनी कृष्णा वारल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी पाठ दुखत असल्याचं सांगितलं आणि गेले नाहीत. सौमित्रला एवढंच माहीत होतं, की बाबांनी सर्टिफिकेट 'करून घेतलं.' त्या काळात बऱ्याच जणांनी करून घेतली होती. कृष्णाला कुणामुळे धरलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि आता ही पोर तीन कारणं मागत होती. त्यांना खोटी कारणं सांगता आली असती. वर्तमानपत्रं वाचून कुणीही सांगेल. पण तिच्या वहीत पहिलं कारण लिहिलं गेलं, आणि पुढचं खोटं त्यांच्यानं सांगवेना. इथल्या मंडळींनी काय मानायचं ते मानोत. ही आपल्या रक्ताची, कोपऱ्यावरून हात धरून घरी आणलेली. हिनं तरी खोट्या आजोबावर माया करू नये. तिला खरं कळावं आणि ते कळूनही तिनं आजच्यासारखाच आपला हात धरावा, अशी दोन्ही गोष्टींची हाव म्हाताऱ्याला सुटली. एकटीला गाठून सांगायचा धीर होईना. त्यांनी ठरवलं, वर्गातच सांगू. चारचौघांत बोललं की माघार घेता येत नाही, असं त्यांना वाटलं. बोललेलं एक आणि नोंदलेलं दुसरं, हे चाळीस वर्षं कचेरीत पाहिलेल्या माणसानं असं समजावं, हे खरोखर नवल होतं.

गुरुवारी सौमित्रनं अर्धी सुट्टी काढली. जगन्नाथरावांना इंग्रजी येत होतं, पण ते अर्जातलं, 'आपला नम्र सेवक' थाटाचं. तोंडानं बोलायची सवय नव्हती आणि अमेरिकन उच्चार कानांना पटकन पकडता यायचे नाहीत. तेव्हा ते मराठीत बोलणार आणि सौमित्र इंग्रजीत सांगणार, असं ठरलं. वर्गात सत्तावीस मुलं होती. भारतीय चेहरे पाच, पण दोन तेलुगू, एक गुजराती, एक तमिळ. मराठी एकटी नेत्रा. दुसऱ्या रांगेत, दोन वेण्या घालून, पाठ ताठ करून बसलेली.

मिसेस डोनलींनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. ते बसले नाहीत.

"मुलांनो," त्यांनी सुरुवात केली, "मला कारणं विचारली आहेत. माझ्याकडे कारणं नव्हती. मी इंग्रजांच्या कचेरीत काम करायचो आणि मला तिथं कायम व्हायचं होतं."

सौमित्रनं क्षणभर वडिलांकडे पाहिलं. मग मुलांकडे वळून हसला. "माय फादर वर्क्ड इन अ ब्रिटिश ऑफिस," तो म्हणाला. "बट सीक्रेटली ही वॉज हेल्पिंग द फ्रीडम फायटर्स."

जगन्नाथरावांना 'सीक्रेटली' कळलं. त्यांना वाटलं, पोरगा घाबरलाय, पुढचं ऐकलं की त्याला सांगावंच लागेल. ते घाईनं बोलायला लागले.

"माझा मित्र कृष्णा गुऱ्हाळात लपला होता. मला ते माहीत होतं. पोलिसांनी मला विचारलं. मला कुणी मारलं नाही, काही नाही. मी सांगून टाकलं. त्यांनी त्याच्या तळव्यांवर मारलं, माझ्यामुळे त्याचा पाय गेला. आणि नंतर त्याच्याकडूनच मी खोटं लिहून घेतलं, या माझ्या मुलाच्या ॲडमिशनसाठी."

सौमित्रच्या मानेवरून लाली वर चढत गेली. आपली सीट, आपली डिग्री, या देशातली बारा वर्षं, हे सगळं कशावर उभं आहे ते त्याला सत्तावीस पोरांसमोर मायबोलीत ऐकवलं गेलं होतं.

"हिज बेस्ट फ्रेंड वॉज हायडिंग," तो सावकाश म्हणाला. "द पोलीस कॉट माय फादर. दे बीट हिज फीट. ही नेव्हर टोल्ड देम एनिथिंग."

पोरांच्या तोंडून एकदम 'वॉव' निघालं. मिसेस डोनलींनी हात छातीवर ठेवला.

'नेव्हर टोल्ड' जगन्नाथरावांना स्वच्छ कळलं. कृष्णाचे पाय आपल्याला लावले, हेही कळलं. आता फक्त चार शब्दांचं काम होतं, 'नो, आय टोल्ड देम.' चौथीतल्या पोरालाही जमेल इतकं सोपं. त्यांनी तोंड उघडलंही. पण नजर नेत्राकडे गेली. ती आधी वडिलांकडे, मग आजोबांकडे, मग पुन्हा वडिलांकडे बघत होती. तिला दोन्ही कळलं होतं, मराठीतलंही आणि इंग्रजीतलंही. तिच्या शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं आणि काहीतरी म्हणाली, बहुधा 'युअर ग्रँडपा इज सो कूल.' नेत्रा बावरली. मग हळूच हसली. मुलं टाळ्या वाजवायला लागली आणि जगन्नाथरावांनी सवयीनं हात जोडले.

परतताना गाडीत दोघंच होते. नेत्रा शाळेतच राहिली होती, तिचे दोन तास बाकी होते. लाल दिव्यापाशी सौमित्र म्हणाला, "बाबा, हे आत्ता कशाला काढलंत? मला आधी सांगायचं ना."

"तू काय केलं असतंस?"

"कॅन्सल केलं असतं." त्यानं स्टिअरिंगवर बोटं आपटली. "लहान मुलं आहेत ती. घरी जाऊन सांगतात. त्यांचे आईवडील आपल्याच ओळखीतले. तुम्हाला काय, तुम्ही बोलून मोकळे झालात. इथं मी राहतो, माझी मुलगी राहते."

"कृष्णाचे पाय मला लावलेस, सौमित्रा."

दिवा हिरवा झाला. घराच्या ड्राइव्हवेत गाडी लावून तो म्हणाला, आणि यावेळी अगदी मऊ आवाजात, "तुमच्या वयात आठवणींची गल्लत होते. दुसऱ्याचं ऐकलेलं आपलं वाटायला लागतं. मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतो." तो मऊ आवाज फौजदाराच्या आवाजासारखा होता, असं जगन्नाथरावांना वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. अखेर पोरानं जे केलं ते बापाच्या तालमीतच शिकून केलं होतं.

संध्याकाळपर्यंत चैत्रालीलाही कळलं होतं. तिनं सासऱ्यांना वरणभात वाढला, वर तुपाची धार सोडली, आणि आजाऱ्याशी बोलावं तसं विचारलं, "बाबा, आज तारीख किती आहे, आठवतंय का?"

त्यांनी तारीख सांगितली, वारही सांगितला. तिनं मान डोलावली, पण विश्वास बसल्यासारखी नाही. आता त्यांनी काहीही म्हटलं तरी ते डोक्याच्या दुखण्यात जमा होणार होतं. दार उघडायला गेले आणि घरच्यांनी बाहेरून कडी लावली, अशी त्यांची गत झाली होती. तरी एक आशा शिल्लक होती. नेत्रानं ऐकलं होतं.

शनिवारी दुपारी ती त्यांच्या खोलीत आली. हातात मोठा पिवळा पुठ्ठा, मार्कर, डिंकाची कांडी आणि छापून आणलेला कागद. गुरुवारपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती असं नाही. बसवरून घरी येताना शुक्रवारी तिनं हात धरला होता, नेहमीसारखाच. त्या धरलेल्या हातानं म्हाताऱ्याला तेव्हापासून जगवलं होतं. त्यांना वाटलं, कळलं हिला, आणि तरी हात धरला.

तिनं पुठ्ठा जमिनीवर पसरला. जगन्नाथराव गुडघे धरत तिच्यासमोर बसले आणि कागद वाचायला घेतला. इंग्रजी छापील अक्षर त्यांना सावकाश का होईना पण वाचता यायचं. वर त्यांचं नाव होतं. खाली तीन कारणं. इंग्रज परके होते. त्यांनी आमच्यावर अन्याय केला. त्यांनी माझ्या पायांवर मारलं, तरी मी मित्राचं नाव सांगितलं नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"नेत्रा, मी वर्गात काय बोललो ते तुला कळलं होतं ना?"

"याह." ती पुठ्ठ्यावर पेन्सिलनं रेघ मारत होती.

"सगळं?"

"ऑल ऑफ इट."

"मग हे असं का लिहिलंस, बाळा?"

ती थांबली. खोटं पकडलं गेल्यावर मुलं जसं तोंड करतात तसं तिनं केलं नाही. तिनं खरंच विचार केला, आणि मग त्यांना समजावलं, जसं ती त्यांना रिमोट कसा चालतो ते समजावायची.

"बिकॉज युअर्स डझंट हॅव एनी रीझन्स, आजोबा. इट्स जस्ट... यू टोल्ड." तिनं खांदे उडवले. "मिसेस डोनली नीड्स थ्री. अँड एव्हरीबडी ऑलरेडी लाइक्स डॅड्स."

"कृष्णाकडे होती कारणं," जगन्नाथराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "पुष्कळ होती. मला सांगायचा तो, विहिरीवर बसून. ती मला अजून आठवतात. मी सांगतो, तू त्याची लिही. त्याचं नाव घाल."

नेत्रानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला त्यांची दया आली असावी, कारण तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बट ही इज नॉट माय ग्रँडपा," ती म्हणाली.

मग तिनं डिंकाची कांडी उघडली, कागदाच्या पाठीवर चारी कडांनी फिरवली आणि तो उलटा करून पुठ्ठ्याच्या मधोमध ठेवला. कागद एका बाजूनं वर उचलला जात होता. "कॅन यू होल्ड धिस साइड?" तिनं विचारलं. "टिल इट ड्राइज."

जगन्नाथरावांनी तळहात कागदावर ठेवला आणि दाबून धरला.